हे उताऱ्यात कुठे आहे?

नववीत असताना फेब्रुवारीत इंग्रजीच्या चाचणीचा पेपर परत मिळाला. तिसऱ्या प्रश्नापुढे लाल शाईने एकच ओळ लिहिली होती : 'हे उताऱ्यात कुठे आहे?' मॅडम इंग्रजी शिकवतात, पण ती ओळ त्यांनी मराठीत लिहिली होती. मला नक्की कळावं म्हणून असेल.

उतारे दोन, प्रश्न दहा, आणि माझे गुण चार. चार गुणांचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त राग आला त्या ओळीचा. कारण माझं उत्तर खरं होतं.

उतारा एका लहान गावाबद्दल होता. गावाजवळ कारखाने आले, लोकांना कामं मिळाली, रस्ता झाला आणि काही वर्षांनी गावकरी तक्रार करू लागले. प्रश्न होता, गावकऱ्यांची मुख्य तक्रार कशाबद्दल होती? पर्याय चार : धूर, पाणी, रस्त्यावरची गर्दी, कमी मजुरी. मी पटकन धुरावर खूण केली.

मी भनपुरीचा आहे. रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की भनपुरी येते. एका बाजूला उरला, बीरगाव आणि त्याच रस्त्याने आणखी पुढे सिलतरा. सगळीकडे लोखंडाचं काम, रोलिंग मिल, गोदामं, ट्रकांच्या रांगा. आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालण्याआधी आई दोरी ओल्या फडक्याने पुसते आणि फडकं काळं होतं. सुट्टीत घरी गेलो की पहिल्याच दिवशी माझा पांढरा शर्ट करडा होतो. कारखाना म्हणजे धूर, हे मला कोणी शिकवायची गरज नाही.

पण उताऱ्यात धूर एकदाच आला होता. तोही असा, की वारा बहुतेक दुसऱ्या दिशेने वाहत असल्यामुळे धूर गावावर येत नसे. तक्रार होती विहिरींच्या पाण्याची. ते वाक्य शेवटून दुसरं होतं. मी तिथपर्यंत पोचलोच नव्हतो. उत्तर आधीच मिळालं होतं ना!

हे सगळं एका चाचणीपुरतं असतं तर मी विसरून गेलो असतो. पण आपल्यातल्या बहुतेकांना बारावीत एनडीएची परीक्षा द्यायची आहे. तिथे लेखी परीक्षा ९०० गुणांची असते. गणिताचे ३०० आणि जीएटी म्हणजे सामान्य क्षमता चाचणीचे ६००. या ६०० पैकी २०० गुण इंग्रजीचे आहेत. जीएटीमध्ये अडीच तासांत १५० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. प्रश्न ४ गुणांचा, आणि उत्तर चुकलं तर त्यातला एक तृतीयांश भाग कापतात. सोडून दिलेल्या प्रश्नाला शून्य मिळतं. माझ्यासारख्या आत्मविश्वासाने चुकणाऱ्याला शून्यापेक्षाही कमी मिळतं.

मी इथे आलो तो गणिताच्या जोरावर. सहावीच्या प्रवेश परीक्षेत ३०० पैकी १५० गुण गणिताचे होते आणि भाषेचे फक्त ५०, त्यामुळे भाषा ही गणित संपल्यावर उरलेल्या वेळात करायची गोष्ट आहे असं मी धरून चाललो होतो. घरी मराठी, गल्लीत छत्तीसगढी, पाचवीपर्यंतच्या शाळेत हिंदी आणि इथे इंग्रजी. चार भाषा येतात म्हणून थोडा गर्वही होता. चारही भाषा मी अर्ध्याच वाचतो, हे नंतर कळलं.

चाचणीनंतर मी ठरवलं की आपली शब्दसंपत्ती कमी आहे. सगळे हेच सांगतात. रोज प्रेपमध्ये वीस शब्द पाठ करायला लागलो. चिठ्ठ्या करून खिशात ठेवायचो, मेसच्या रांगेत काढून वाचायचो. एकदा पीटीच्या घामाने त्या सगळ्या भिजल्या आणि निळी शाई चड्डीवर उतरली, त्यावरून डॉर्ममध्ये आठवडाभर माझी थट्टा चालली. दीड महिन्यात सातशेच्या वर शब्द झाले. पुढच्या चाचणीत गुण पडले चार.

एका सीनियरने सांगितलं, आधी प्रश्न वाच, मग उतारा. तेही केलं. काही मुलांना ते चालतं. माझं नुकसान झालं, कारण मी उतारा वाचायचंच सोडून त्यात प्रश्नातले शब्द हुडकायला लागलो. शब्द सापडला की त्याच्या शेजारी जे दिसेल ते उत्तर. या वेळी तीन पडले.

मे महिन्यात सुट्टी लागली. बाबा भनपुरीत एका धर्मकाट्यावर काम करतात. ज्यांनी धर्मकाटा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीत बसवलेला मोठा लोखंडी प्लॅटफॉर्म असतो, ट्रक त्यावर चढतो, शेजारच्या खोलीतल्या पडद्यावर आकडा येतो आणि पावती निघते. भरलेल्या ट्रकचं वजन म्हणजे ग्रॉस, रिकाम्याचं टेअर, आणि वजाबाकी करून उरतं ते नेट, म्हणजे मालाचं वजन. पैशाचा हिशेब नेटवर होतो. त्या खोलीत भिंतीवर माझा गणवेशातला फोटो लावलेला आहे. बाबा ड्रायव्हर लोकांना तो दाखवतात आणि सांगतात, लड़का फौज में जाएगा. मला फार लाज वाटते, पण फोटो काढून टाका असं मी अजून म्हटलेलं नाही.

दुपारी बाबांचा डबा घेऊन मी काट्यावर जायचो. एके दिवशी बाबा बाहेर मेकॅनिकबरोबर उभे होते. बाहेरगावचा एक ड्रायव्हर आत आला, त्याने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हातातले कागद माझ्यापुढे केले. बिल्टी आणि तिला टाचलेलं बिल, दोन्ही इंग्रजीत. त्याला एवढंच विचारायचं होतं की माल कुठे उतरवायचा. मी बिलावर नजर टाकली. वरच पार्टीचं नाव होतं आणि खाली पत्ता, उरला. मी म्हटलं, उरला. रस्ताही समजावून सांगितला. तो 'शुक्रिया बाबू' म्हणून गेला. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच ट्रक रिकामा होऊन काट्यावर आला. बिलावर दोन पत्ते होते. डावीकडे 'बिल टू' आणि उजवीकडे 'शिप टू'. ज्याच्या नावाने बिल फाडायचं त्याचं ऑफिस उरल्यात होतं आणि माल उतरवायचं गोदाम सिलतऱ्यात. मी पहिला पत्ता वाचला आणि थांबलो. तो बिचारा उरल्यात दुपारभर गेटवर उभा राहिला, तिथून त्याला सिलतऱ्याला पाठवलं, तोवर गोदामाचे हमाल गेले होते. माल सकाळी उतरला. रात्री जो परतीचा माल मिळणार होता तो दुसऱ्या गाडीला गेला. त्याला रिकामी गाडी घेऊन परत जायचं होतं किंवा दुसरं भाडं मिळेपर्यंत थांबायचं होतं.

तो ओरडेल असं मला वाटलं होतं. तो ओरडला नाही. पावती खिशात घालताना एवढंच म्हणाला, "पढ़े-लिखे हो बाबू, पूरा पढ़ लेते." बाबांनी त्याला चहा पाजला. मला काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर सोपं गेलं असतं.

त्या कागदावर मला न येणारा एकही शब्द नव्हता. बिल, शिप, टू. पहिलीतले शब्द.

संध्याकाळी आजोबांना सांगितलं. आजोबा तरुणपणी गोंदियाहून इकडे मिलमध्ये कामाला आले. शिक्षण सातवीपर्यंत, तेही मराठीत. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे ध चा मा केलास."

ही गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ३० ऑगस्ट १७७३ या दिवशी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. त्यांना 'धरावे' असा हुकूम होता आणि आनंदीबाईंनी एक अक्षर बदलून 'मारावे' केलं, असं सांगतात. मी आजोबांना म्हटलं, आनंदीबाईंनी मुद्दाम केला, मी चुकून. आजोबा म्हणाले, "गारद्यांना काय फरक पडला? त्यांनी कागदात जे वाचलं ते केलं. तू तर कागदात नव्हतं तेही वाचलंस." मग हसले. आजोबा हसले की दात नसल्यामुळे राग येत नाही.

रात्री गच्चीवर झोप येईना. धुराचा प्रश्न आणि उरल्याचा पत्ता एकच चूक आहे, असं तेव्हा लक्षात आलं. दोन्ही वेळा मला इंग्रजी अडलं नव्हतं. उत्तर सापडलं असं वाटलं की माझे डोळे पुढे जातात, पण वाचणं थांबतं. आणि उत्तर सापडतं ते बहुतेक वेळा माझ्याच डोक्यात. काट्यावर ट्रक रिकामाच नऊ-दहा टनांचा असू शकतो. टेअर वजा केलंच नाही तर ट्रकचं वजनही मालाच्या भावाने विकलं जाईल. मी उतारा वाचताना भनपुरी, आईची दोरी, काळं फडकं, सगळं त्यात तोलत होतो आणि एकूण आकडा उत्तर म्हणून लिहीत होतो.

जूनमध्ये शाळेत परत आल्यावर हे मॅडमना सांगितलं (ड्रायव्हरचं नाही, टेअरचं). त्या म्हणाल्या, तुझ्या चुकांची वही कर. शब्दांची नको, चुकांची. प्रत्येक चुकीपुढे ती का झाली ते लिही. दिवाळीपर्यंत त्या वहीत ३७ चुका झाल्या. त्यांपैकी शब्दाचा अर्थ माहीत नव्हता म्हणून चुकलेल्या फक्त ८. प्रश्नातला 'नाही' किंवा 'वगळता' नजरेतून सुटला म्हणून ६. उत्तर डोक्यातून आलं, उताऱ्यात नव्हतं, अशा १४. आणि पर्याय अर्धा बरोबर होता म्हणून फसलो अशा ९. ज्या कारणासाठी मी सातशे शब्द पाठ केले ते कारण माझ्या चुकांच्या पावभागापेक्षाही कमी निघालं. शब्द फुकट गेले असं मी म्हणणार नाही, पण चड्डी फुकट गेली.

अर्ध्या बरोबर पर्यायाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण हुशार मुलंही तिथे पडतात. समजा उताऱ्यात लिहिलं आहे की पाऊस उशिरा आला म्हणून शेतकऱ्यांनी धान कमी लावलं. पर्यायात येतं, 'पाऊस उशिरा आला म्हणून धानाचं पीक बुडालं.' पहिला अर्धा भाग उताऱ्यातून शब्दशः उचललेला असतो. ओळखीचे शब्द दिसले की आपण खूश होतो आणि दुसरा अर्धा भाग तपासत नाही. कमी लावणं आणि बुडणं यांत किती फरक आहे ते आमच्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. तसंच 'फक्त', 'नेहमी', 'सर्व' असे शब्द पर्यायात आले तर मी आता उताऱ्यात परत जाऊन पाहतो की लेखक खरंच इतकं ठाम बोलला आहे का. बहुतेक वेळा तो 'काही' किंवा 'कधीकधी' म्हणालेला असतो.

मॅडमनी मला एकच नियम दिला. प्रत्येक उत्तरापुढे उताऱ्यातल्या ओळीचा नंबर लिहायचा. नंबर लिहिता येत नसेल तर ते उत्तर माझं आहे, उताऱ्याचं नाही. सुरुवातीला याने फार वेळ लागायचा. दहा प्रश्नांना २२ मिनिटं लागली, बाकीचे पेपर देऊन बसलेले असायचे आणि मी ओळी मोजत असायचो. आता १३ मिनिटांत होतात. हे एनडीएसाठी अजूनही हळूच आहे, पण बारावीला वेळ आहे.

त्याच दिवसांत ड्रिलमध्ये एक गोष्ट घडली. हुकूम दोन तुकड्यांत येतो हे आपल्याला सहावीपासून माहीत आहे. आधी काय करायचं ते, मग थोडा थांबा, मग हलायचा शब्द. उस्तादजींनी त्या दिवशी ओळीने तीन वेळा 'दाहिने मुड़' दिलं. चौथ्या वेळी दिलं 'पीछे मुड़'. अख्खी फाइल मागे वळली आणि मी एकटा उजवीकडे. उस्तादजी जवळ आले आणि हळूच म्हणाले, "तुमने सुना नहीं, तुमने सोच लिया." मग मैदानाच्या पाच चकरा. पळताना मला हसू येत होतं, कारण लाल शाईतली ओळ आणि हे वाक्य एकच होतं. उस्तादजींना वाटलं मी त्यांना हसतोय. आणखी दोन चकरा मिळाल्या.

मॅडमना हे कळल्यावर त्यांनी वर्गात बालाक्लाव्हाच्या लढाईबद्दल सांगितलं. क्रिमियातली लढाई, २५ ऑक्टोबर १८५४. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅगलन उंचावर होते. रशियन सैनिक बाजूच्या टेकड्यांवरून, जिंकून घेतलेल्या तोफा ओढून नेत आहेत असं त्यांना वाटलं. त्या नेऊ देऊ नका, असा हुकूम त्यांनी घोडदळाला पाठवला. हुकूम कॅप्टन नोलन घेऊन गेला. घोडदळाचे प्रमुख लॉर्ड लुकन खाली दरीत होते. त्यांना त्या तोफा दिसतच नव्हत्या. कोणत्या तोफा, असं त्यांनी विचारलं, तेव्हा नोलनने नुसता हात केला. लुकनना दिसत होत्या त्या दरीच्या टोकाच्या तोफा, समोर रोखलेल्या. सहाशेच्या वर घोडेस्वार त्यांच्यावर चालून गेले आणि शंभरच्या वर मारले गेले. कागदावर 'तोफा' एवढंच होतं. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक तोफा आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या. वर्गात वाद झाला की चूक कोणाची. बहुतेकांचं मत नोलन. माझं मत, लिहिणाऱ्याची पहिली, पण लुकननी दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. रागावलेल्या कॅप्टनला दुसऱ्यांदा विचारणं अवघड असतं, हेही मला मान्य आहे.

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो रविवारच्या फोनचा. घरी फोन करायला मिळतो तेव्हा पाच मिनिटं आजोबांसाठी ठेवतो. आठवड्यात वाचलेला एक इंग्रजी उतारा त्यांना मराठीत, दोन-तीन वाक्यांत सांगायचा. आजोबांना इंग्रजी येत नाही, म्हणून त्यांना इंग्रजी शब्द फेकून फसवता येत नाही. ते एकच प्रश्न विचारतात, "मग त्या माणसाचं म्हणणं काय?" एकदा मधमाश्यांवरचा उतारा होता. मी मधमाश्या कमी होत आहेत, फवारणीमुळे मरतात, फुलांना त्यांची गरज असते, सगळं सांगितलं. आजोबांनी विचारलं, "मग त्याला मधमाश्या वाचवायच्या आहेत की शेतकरी?" मला सांगता येईना. प्रेपमध्ये परत वाचला. लेखक शेतकऱ्याच्या बाजूने बोलत होता. मधमाश्या गेल्या तर शेतकऱ्याचं पीक कमी होईल, ही त्याची काळजी. मी मात्र मनात पर्यावरण असं लेबल लावून मोकळा झालो होतो. पुढच्या रविवारी आजोबांना उत्तर दिलं. ते म्हणाले, "हां. आता बसलं."

मित्रांना हे सांगितलं की ते म्हणतात, इंग्रजी सुधारायला मराठी कशाला? मला एवढंच दिसलं आहे की जे मला आजोबांना सांगता येत नाही ते मला समजलेलं नसतं. इंग्रजीत मात्र ते समजल्यासारखं वाटतं, कारण उताऱ्याचीच वाक्यं परत म्हणता येतात.

गुणांचं सांगायचं तर जुलैत पाच, ऑगस्टमध्ये सहा, सप्टेंबरमध्ये आठ पडले आणि मी आईला फोनवर मोठ्याने सांगितलं. ऑक्टोबरमध्ये परत सहा. लेखकाचा सूर ओळखा, किंवा उताऱ्यावरून काय अनुमान निघतं, असे प्रश्न अजून जमत नाहीत. तिथे एका ओळीचा नंबर लिहून भागत नाही, दोन ओळी एकत्र धरून तिसरी गोष्ट काढावी लागते, आणि तिसरी गोष्ट काढायला गेलो की भनपुरी परत आत शिरते. गेल्या चाचणीत सात पडले. त्यातल्या एका प्रश्नावर माझं आणि मॅडमचं अजून पटलेलं नाही. माझ्याकडे ओळ नंबर अकरा आहे. त्या म्हणतात चौदाही वाच.

दिवाळीच्या सुट्टीत काट्यावर गेलो तेव्हा बाबांना त्या ड्रायव्हरबद्दल विचारलं. तो आता विशाखापट्टणमच्या लाइनवर असतो, इकडे कमी येतो, असं म्हणाले. तेवढ्यात दुसरा एक ड्रायव्हर कागद घेऊन आत आला. बाबांनी ते स्वतः घेतले नाहीत, माझ्याकडे सरकवले. मी 'बिल टू' वाचलं, 'शिप टू' वाचलं, नग मोजले, भाडं 'पेड' आहे की 'टू पे' ते पाहिलं, कागद उलटून मागच्या बारीक अक्षरातल्या अटीही वाचायला लागलो. बाहेर मागच्या ट्रकने हॉर्न दिला. ड्रायव्हर बाबांना म्हणाला, "भैया, ये तो पूरी किताब पढ़ रहा है."

"पढ़ने दो," बाबा म्हणाले.